हिमोढांच्या तारखा आणि मंजुरीचे कागद

गौरीकुंडहून केदारनाथकडे जाणाऱ्या चौदा किलोमीटरच्या पायवाटेवर, साधारण निम्म्या अंतरावर, रामबाडा नावाचे थांब्याचे ठिकाण होते. चहाची दुकाने, निवारे, घोडे-खेचरांचे तळ अशी ती हंगामी वस्ती. जून २०१३ मध्ये १६ आणि १७ तारखांना मंदाकिनीला आलेल्या पुराने ती मुळासकट पुसून टाकली. पुढे यात्रेची वाटच नदीच्या दुसऱ्या तीरावरून न्यावी लागली. या आपत्तीत पाच हजारांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१२ साली, देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतील संशोधकांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. केदारनाथच्या माथ्यावर असलेली चोराबारी हिमनदी पूर्वी कधी आणि किती खाली उतरली होती, हा त्याचा विषय. हिमनदी पुढे सरकते तेव्हा आपल्याबरोबर दगडमातीचा प्रचंड राडा ढकलत आणते आणि मागे हटताना तो काठाशी व तोंडाशी टाकून जाते. या ढिगाऱ्यांना भूगोलाच्या पुस्तकांत आपण हिमोढ म्हणतो. संशोधकांनी असे चार टप्पे ओळखून त्यांचे वय काढले. सर्वांत खालचा टप्पा सुमारे १३ हजार वर्षांपूर्वीचा, समुद्रसपाटीपासून २,८०० मीटरवर. त्याला त्यांनी नाव दिले ‘रामबाडा टप्पा’. त्यावरचे दोन सुमारे ९ हजार आणि ७ हजार वर्षांपूर्वीचे. चौथा सुमारे ५ हजार वर्षांपूर्वीचा, ३,५०० मीटरवर. त्याचे नाव ‘केदारनाथ टप्पा’.

हा निबंध काही भविष्यवाणी नव्हता. तो पर्यावरण मंत्रालयासाठी लिहिला गेला नव्हता, आणि त्यात जून २०१३ चा इशारा शोधणे लेखकांवर अन्याय करणारे ठरेल. परंतु ज्या दोन ठिकाणी सर्वाधिक हानी झाली, त्यांचीच नावे या हिमनदीच्या दोन जुन्या मुक्कामांना दिलेली असावीत, हा निव्वळ योगायोग नव्हे. उंच पर्वतात माणसाला घर बांधण्याजोगी सपाटी क्वचितच मिळते. जी मिळते ती बहुधा हिमनदीने, तिच्यातून निघालेल्या प्रवाहाने किंवा एखाद्या जुन्या दरडीने तयार केलेली असते. म्हणजे ज्या शक्तीने ती जागा घडवली, तिच्याच दारात आपण बाजार मांडतो. माझे म्हणणे इतकेच आहे, की या जागांच्या घडणीच्या तारखा आता विज्ञानाला काढता येतात, भारतातच काढता येतात. आणि तरीही हिमालयातील रस्ते, बोगदे, धरणे, रज्जुमार्ग यांना मंजुरी देणाऱ्या आपल्या व्यवस्थेत या तारखांना काहीही स्थान नाही.

तारखा काढतात कशा, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे. कारण धोरणकर्त्यांच्या मनातील संशयाचे मूळ येथेच आहे. पुरातत्त्वज्ञांचा आवडता मार्ग म्हणजे कार्बन-१४. त्यासाठी लाकूड, कोळसा, काहीतरी सजीवाचा अंश लागतो. वृक्षरेषेच्या वर तो सहजी मिळत नाही, आणि सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे ही पद्धत थकते. म्हणून दुसरे दोन मार्ग. पहिला ल्युमिनेसन्सचा. क्वार्ट्झ किंवा फेल्डस्पारचा कण मातीखाली गाडला गेला, की आसपासच्या किरणोत्साराची ऊर्जा तो हळूहळू साठवत राहतो. सूर्यप्रकाश लागला की साठा रिकामा होतो. प्रयोगशाळेत अंधाऱ्या खोलीत त्या कणाला उत्तेजित केले तर तो जो क्षीण प्रकाश सोडतो, त्यावरून तो शेवटचा उन्हात कधी होता हे कळते. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने या पद्धतीत दशकानुदशके काम केले आहे.

दुसरा मार्ग वैश्विक किरणांचा. अवकाशातून येणारे हे किरण उघड्या खडकावर आदळतात तेव्हा क्वार्ट्झमध्ये बेरिलियम-१० हे दुर्मीळ समस्थानिक तयार होते. वेग अत्यल्प: समुद्रसपाटीला एका ग्रॅममागे वर्षाला जेमतेम चार-पाच अणू, उंचीवर त्याच्या कितीतरी पट. हिमनदीने एखादा शिलाखंड हिमोढाच्या माथ्यावर सोडला, की त्या दिवसापासून हे घड्याळ सुरू होते. एवढे विरळ अणू मोजायला कणत्वरक लागतो, आणि ती सोय नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात उपलब्ध आहे. अलीकडच्या काही शतकांसाठी तर याहून साधा उपाय आहे: दगडावर वाढणारे दगडफूल. त्याच्या वाढीचा वेग माहीत असला, की त्याच्या व्यासावरून दगड किती काळ उघडा आहे याचा अंदाज बांधता येतो. चोराबारीच्या हिमोढांवरील दगडफुलांच्या अशाच अभ्यासातून २००९ साली निष्कर्ष निघाला होता, की ही हिमनदी सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीच मागे हटू लागली.

यांतील एकही पद्धत निर्दोष नाही. हिमनदीच्या पोटातून आलेल्या कणाला पुरेसे ऊन मिळालेच नसेल, तर वय वाजवीपेक्षा जास्त निघते. हिमोढ झिजून आतला दगड उशिरा उघडा पडला असेल, तर कमी निघते. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे अधिक-उण्याचे चिन्ह असते: १३ हजार, अधिक-उणे दोन हजार. सरकारी बैठकांत या चिन्हाकडे बोट दाखवून ‘शास्त्रज्ञांचेच एकमत नाही’ असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ती अप्रामाणिक वाटते. उंच हिमालयातील बहुतेक नद्यांवर प्रवाहाच्या मोजणीच्या नोंदी काही दशकांच्याच आहेत. त्यावरून शंभर किंवा हजार वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा आकडा काढला जातो, तो प्रकल्प अहवालात कोणत्याही अधिक-उण्याशिवाय छापला जातो आणि त्यावर हजारो कोटींचे धरण उभे राहते. आपली अनिश्चितता उघडपणे सांगणाऱ्या विज्ञानाला अनिश्चित ठरवायचे आणि ती झाकून ठेवणाऱ्या गणिताला मात्र नेमके मानायचे, असा हा प्रकार आहे.

आता मंदाकिनीच्या खोऱ्यातून शेजारच्या भागीरथीच्या खोऱ्यात जाऊ. मिलाप चंद शर्मा आणि लुईस ओवेन यांनी १९९६ साली गंगोत्रीच्या जुन्या हिमविस्ताराचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज सुमारे ३० किलोमीटर लांबीची ही हिमनदी सुमारे ६३ हजार वर्षांपूर्वी गोमुखाच्या कितीतरी खाली, थेट झाला गावापर्यंत पोहोचली होती, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे बेरिलियम-१० वापरून याच खोऱ्यातील हिमोढ, गाळाचे पंखे आणि नदीकाठची सोपाने यांची वये काढली गेली. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. हिमनदी मागे हटल्यानंतर दरी शांत होत नाही. उलट, बर्फाचा आधार गेलेले कडे ढासळतात, सुटा पडलेला गाळ उपनद्या खाली आणतात, आणि भूदृश्यातील सर्वांत मोठे बदल याच संक्रमणकाळात, तुलनेने थोड्या अवधीत घडतात. या अवस्थेला शास्त्रज्ञ ‘पॅराग्लेशियल’ म्हणतात. साध्या मराठीत: बर्फाने सोडलेली, पण अजून न सावरलेली जमीन.

झालाच्या वर, गंगोत्रीच्या दिशेने, हर्षिल लागते आणि त्यापुढे धराली. ५ ऑगस्ट २०२५ रोजी खीरगाड नावाच्या उपनदीने काही क्षणांत धरालीचा बाजार गाडला. ती चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली. ढगफुटी की वर साचलेल्या हिमोढाचा ढासळलेला भाग, यावर तज्ज्ञांत वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा. पण हॉटेले ज्या जमिनीवर होती ती खीरगाडने स्वतः आणून टाकलेल्या गाळाचा पंखा आहे, यावर वाद नाही. त्या गावातील कल्पकेदारचे प्राचीन मंदिर आधीच अर्धेअधिक जमिनीत गाडलेले होते; दर्शनाला पायऱ्या उतरून खाली जावे लागे. नदीने एकदा येथे काय केले होते, याचा याहून ठळक पुरावा प्रयोगशाळेतूनही मिळाला नसता. ऑगस्टमध्ये ते मंदिर पुन्हा गाडले गेले. ही सारी जागा २०१२ साली अधिसूचित झालेल्या भागीरथी पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येते.

केदारनाथचे मंदिर २०१३ मध्ये कसे वाचले, यावर समाजमाध्यमांत अखंड चर्चा होते. त्याच्याभोवतीचा बाजार तेथे का होता, यावर क्वचितच होते.

भूतकाळातील हिमविस्ताराची माहिती धोरणात आणण्याचा एक गंभीर प्रयत्न आपल्याकडे झालेला आहे, आणि तो विसरला जाऊ नये. केदारनाथच्या आपत्तीनंतर १३ ऑगस्ट २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तराखंडमधील जलविद्युत प्रकल्पांना नव्या मंजुऱ्या देणे थांबवले आणि तज्ज्ञ समिती नेमायला सांगितली. रवी चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील या समितीत नवीन जुयाल होते. हिमालयातील गाळाच्या थरांचे ल्युमिनेसन्सने वय काढण्यात ज्यांचे आयुष्य गेले, असे हे भूशास्त्रज्ञ. समितीने एप्रिल २०१४ मध्ये अहवाल दिला. तपासलेल्या २४ प्रकल्पांपैकी २३ तिला अस्वीकारार्ह वाटले. आणि त्याहून मूलगामी शिफारस अशी, की साधारण २,२०० ते २,५०० मीटरच्या वरचे क्षेत्र जलविद्युत प्रकल्पांपासून मुक्त ठेवावे. ही उंची मनाला येईल तशी निवडलेली नव्हती. हिवाळ्यातील हिमरेषा आणि जुन्या हिमनद्यांनी टाकलेल्या सुट्या गाळाची व्याप्ती, या दोहोंचा तिला आधार होता. २०१३ मध्येच अलकनंदेवरील विष्णुप्रयाग प्रकल्पाचा लांबगड येथील बंधारा वरून आलेल्या हिमोढाच्या राड्याने भरून गेला होता.

पुढे काय झाले? समितीतील केंद्रीय जल आयोग आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरण यांच्या प्रतिनिधींनी वेगळे मत नोंदवले. अहवालाचे घोंगडे भिजत पडले. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात रोंती शिखराच्या कड्यावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक व बर्फ कोसळला. ऋषिगंगा प्रकल्प नाहीसा झाला, तपोवन-विष्णुगाडचा बंधारा आणि बोगदे गाळाने भरले, दोनशेहून अधिक लोक मृत वा बेपत्ता झाले. त्यानंतर सहा महिन्यांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, केंद्राने न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन सात प्रकल्प पूर्ण करण्याची भूमिका मांडली. त्या सातांत तपोवन-विष्णुगाडही होता.

येथे चोप्रा समितीच्या रेषेची मर्यादाही मान्य करायला हवी. तपोवनचा बंधारा सुमारे १,८०० मीटरवर आहे, म्हणजे रेषेच्या खाली. सिक्कीममधील चुंगथांगही साधारण त्याच उंचीवर. तेथील १,२०० मेगावॉटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचे धरण ऑक्टोबर २०२३ मध्ये वाहून गेले. त्या रात्री दक्षिण ल्होनाक सरोवराच्या काठचा गोठलेला हिमोढ ढासळला, सुमारे १ कोटी ४७ लाख घनमीटर राडा पाण्यात पडला, लाट उसळली आणि सरोवराला अडवणारा समोरचा बांध फुटला. हा तपशील मला फार बोलका वाटतो. हिमोढ आपण जुन्या हवामानाची नोंद म्हणून वाचतो; ल्होनाकला ती नोंदच चालत खाली आली. उंचीची एक आडवी रेषा ओढून भागत नाही, ते यामुळे. वर किती सुटा गाळ साचला आहे, तो किती जुना आहे, पूर्वी तो कितीदा आणि कुठवर खाली आला, हे प्रत्येक दरीपुरते वेगळे शोधावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या तज्ज्ञ मूल्यांकन समितीने तीस्ता-३ पुन्हा बांधण्याची शिफारस केली. आधीचे साठ मीटरचे दगडी भरावाचे धरण. आताचे ११८ मीटरचे, काँक्रीटचे. पुराचा आराखडा आधीपेक्षा मोठा धरला आहे, हे खरे. पण ज्या घटनेने पहिले धरण नेले, तशा घटना त्या दरीत गेल्या दहा हजार वर्षांत किती झाल्या, हा प्रश्न अभियंत्यांना कोणी विचारायचा?

या विषयावरील आपल्या सार्वजनिक चर्चेला एक जुनी दुखापत आहे. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असे निराधार विधान आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात आले. २००९ मध्ये जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना मंत्रालयाने व्ही. के. रैना यांचा चर्चापत्र-अहवाल प्रसिद्ध करून त्याला आव्हान दिले. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीला चूक कबूल करावी लागली. मंत्रालय त्या मुद्द्यावर बरोबर होते. परंतु तेव्हापासून साऱ्या वादाचा एकच प्रश्न झाला: बर्फ वितळतो आहे की नाही, आणि किती वेगाने? जुन्या हिमोढांच्या तारखा त्याहून गुंतागुंतीची गोष्ट सांगतात. लडाखमध्ये लेहच्या आसपास चार लाखांहून अधिक वर्षांपूर्वीचे हिमोढ अजून टिकून आहेत, कारण तेथे पाऊस नाही. गढवालात असे जुने पुरावे पावसाने धुऊन नेले. हिमालयातील हिमनद्या केवळ थंडीने नव्हे, मोसमी पावसाच्या चढउतारानेही वाढल्या-घटल्या, आणि शेजारच्या दोन दऱ्याही नेहमी एका तालावर चालल्या नाहीत. म्हणून ‘हिमालयीन हिमनद्यांची सरासरी’ हा आकडा दिल्लीत उपयोगी असेल, चुंगथांगमध्ये नाही.

असे दरीनिहाय काम करणाऱ्या संस्थांची अवस्था काय? वाडिया संस्थेत २००९ साली हिमनदी अभ्यास केंद्र सुरू झाले होते. चोराबारीवर, डोक्रियानीवर वर्षानुवर्षे मोजमाप करणारे लोक तेथे होते. जुलै २०२० मध्ये ते केंद्र गुंडाळण्यात आले. सात महिन्यांनी चमोली घडले. जोशीमठचा अनुभव आणखी वेगळा. ते गाव पक्क्या खडकावर नसून जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर आहे, हे मिश्रा समितीने १९७६ सालीच लिहून ठेवले होते. जानेवारी २०२३ मध्ये तेथील आठशेहून अधिक घरांना तडे गेले. इस्रोने बारा दिवसांत ५.४ सेंटीमीटर जमीन खचल्याची उपग्रह-प्रतिमा प्रसिद्ध केली, आणि लगेच राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सरकारी संस्थांना माध्यमांशी बोलू नये, माहिती परस्पर प्रसृत करू नये असे बजावले. घबराट टाळणे हा त्यामागचा हेतू सांगितला गेला. ज्यांच्या घराला तडा गेला आहे, त्यांना घबराटीसाठी उपग्रहाची गरज नव्हती.

सीमेचा युक्तिवाद मी हलका मानत नाही. हर्षिल, माणा, उत्तर सिक्कीम येथे सैन्य आहे आणि त्याला बारमाही रस्ता हवा. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२१ रोजी चारधाम मार्गाच्या रुंदीकरणाला परवानगी दिली ती याच कारणास्तव. त्या प्रकरणातील उच्चाधिकार समितीत रस्ता अरुंद ठेवा म्हणणाऱ्या अल्पमतात चोप्रा आणि जुयाल पुन्हा होते. २०२२ मध्ये तर सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतील सामरिक महामार्गांना पर्यावरण मंजुरीतूनच सूट मिळाली. उत्तराखंड आणि सिक्कीमचा मोठा भाग या पट्ट्यात मोडतो. पण मंजुरीची अट काढल्याने उतार स्थिर होत नाही. रणगाडावाहू ट्रकला लागणारा रस्ता पर्यटकांच्या बसपेक्षा अधिक भक्कम जमिनीवर हवा. सैन्याची गरज हे भूशास्त्रीय तपासणी अधिक कसून करण्याचे कारण आहे. ती टाळण्याचे ते निमित्त होऊ नये. स्थानिकांना रोजगार हवा, वीज हवी, हेही खरेच. मात्र रामबाडा, धराली, चुंगथांग येथे ज्यांचे सर्वस्व गेले तेही स्थानिकच होते.

करायचे काय, ते फार महागडे नाही. दोन हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर होणाऱ्या, आणि त्याखालीही हिमनदीच्या खोऱ्यातून येणाऱ्या नदीवरील प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या अभ्यासाच्या अटींमध्ये हिमोढ, गाळाचे पंखे, जुन्या दरडी यांचा नकाशा आणि त्यांची वये सक्तीची करावीत. नमुने प्रकल्पाच्या सल्लागाराने नव्हे, वाडिया किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांसारख्या संस्थेने गोळा करावेत. निकाल अधिक-उण्यासकट प्रसिद्ध करावेत. एका दरीतील काही डझन नमुन्यांचा खर्च धरणाच्या अंदाजपत्रकात नजरेतही भरणार नाही. शेतजमीन घेताना आधीचे फेरफार पाहिल्याशिवाय कोणी सही करत नाही. येथे तर जमिनीचे सारे फेरफार नदीच्या काठावर उघडे पडलेले आहेत. आज जे आहे ते असे: हिमसरोवरे फुटण्याचा धोका कमी करण्यासाठी केंद्राने २०२४ मध्ये हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम आणि अरुणाचल या चार राज्यांना मिळून मंजूर केलेला राष्ट्रीय कार्यक्रम १५० कोटी रुपयांचा आहे. ५ मार्च २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मंजूर केलेला सोनप्रयाग ते केदारनाथ हा १२.९ किलोमीटरचा रज्जुमार्ग ४,०८१ कोटींचा.

या रज्जुमार्गाने आठ-नऊ तासांचा प्रवास सुमारे ३६ मिनिटांवर येईल आणि दिवसाला १८ हजार यात्रेकरू वर पोहोचतील, असे सरकारचे गणित आहे. वृद्धांना, आजारी माणसांना त्याचा उपयोग होईल. खेचरांचे हालही कमी होतील. माझा त्याला सरसकट विरोध नाही. पण वरचे स्थानक ज्या दरीच्या माथ्याशी येणार, तिच्यातील हिमोढांची वये २०१२ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. खांबांच्या पायाची निवड करताना तो नकाशा वापरला असेल, तर मंत्रालयाने तो भाग जाहीर करावा. वापरला नसेल, तर काँक्रीट ओतण्याआधी अजून वेळ आहे.